तीन बेचाळीस

रेणुका दोन वर्षांत दोनदा दोनशे किलोमीटर सायकल चालवून बाद ठरली होती, आणि दोन्ही वेळा कारण खाणं हेच होतं.

पहिल्या वर्षी जळकोटला तिची मावशी केवळाबाई रस्त्यात आडवी उभी राहिली. बहिणीची लेक दारावरून जाते आणि नुसत्या चहावर भागवते, हे त्या घराला पटण्यासारखं नव्हतं. पिठलं, भाकरी, वर भजी, मग ‘दोन घास भात तरी’. पंचेचाळीस मिनिटं गेली. रेणुका लातूरला बावीस मिनिटं उशिरा पोचली.

दुसऱ्या वर्षी नवरा. भागवत मोटारसायकल घेऊन उदगीरच्या पुढे एका फाट्यावर थांबला होता. ती दिसल्यावर त्याने हाक मारली, ती थांबली. त्याने डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. तिने उभ्याउभ्या खाल्लं आणि निघाली. लातूरला पोचली तेव्हा बारा मिनिटं हातात होती. पण कार्ड देताना तिने आपणहून सांगितलं, “मधे रस्त्यावर घरच्याकडून खाल्लं.”

या प्रकारात शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. सकाळी सहाला नांदेडहून निघायचं, कंधार, जळकोट, उदगीर, शिरूर अनंतपाळ करत साडेतेरा तासांत लातूर गाठायचं. वाटेत ठरलेल्या ठिकाणी, ज्यांना सगळे कंट्रोल म्हणतात, कार्डावर वेळ लिहून घ्यायची. खाणंपिणं, मदत, जे काय असेल ते तिथे. दोन कंट्रोलांच्या मधे घरच्यांचा हात लागला की बाद. फाट्यावर त्यांना पाहणारं कोणी नव्हतं. रेणुकाने सांगितलं म्हणून कळलं.

त्या रात्री भागवतने रिकामा डबा स्वतः घासला, पालथा घातला आणि जेवला नाही.

“मी सांगायला नको व्हतं का?” तिने विचारलं.

“मी यायला नको व्हतं,” तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी त्याला कुठे ठेवायचं, हा प्रश्न रेणुकाने अश्वजितपुढे मांडला. अश्वजित नांदेडचा, पाटबंधारे खात्यात अभियंता, आणि ही राइड भरवणारा. वय एकतीस. तो हसला नाही. “काकांना टेबलावर बसवू,” तो म्हणाला. “कंट्रोलवर बसलेला माणूस रस्त्यावर येऊ शकत नाही.”

भागवत एकतीस वर्षं एसटीत होता, त्यातली तेवीस वाहतूक नियंत्रक म्हणून. निलंगा, औसा, शेवटी लातूर. खिडकीमागे बसायचं, पुढ्यात नोंदवही, पाठीमागे भिंतीवर मोठं घड्याळ. गाडी आली, वेळ लिहिली. गाडी सुटली, वेळ लिहिली. त्याच्या स्टँडवरून गाडी उशिरा सुटत नसे. तो खिडकीतून हात बाहेर काढायचा, मनगटावरचं घड्याळ ड्रायव्हरच्या नाकापुढे धरायचा आणि म्हणायचा, “बघा, आता तुमीच सांगा.” ड्रायव्हर चहाचा कप अर्धा टाकून पळायचे.

अश्वजितने विचारल्यावर भागवतची अडचण वेगळीच होती.

“आपल्याच माणसाची वेळ आपणच लिवायची? लोक काय म्हणतील?”

“काका, तुम्ही खोटी वेळ लिहिणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला म्हणतोय.”

भागवतने होकार दिला. घरी येऊन रेणुकाला म्हणाला, “माझ्याकडून सूट मिळंल असं समजू नको.”

“इतक्या वर्षांत कधी मिळाली?” ती म्हणाली.

रेणुका औसा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका होती. वय त्रेपन्न. मुलगी ऋतुजा नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिची सायकल मागे राहिली. रेणुका ती लसीकरणाच्या फेरीला नेऊ लागली. आधी दोन गावं, मग चार. मग रविवारी उगाच किल्लारीपर्यंत. जेवताना ती भागवतला सायकलीच्या गोष्टी सांगे. तहान लागायच्या आधी प्यायचं. चढावर माथ्याकडे बघायचं नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं. आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरनंतर माणूस स्वतःशीच खोटं बोलायला लागतो. गुडघा दुखतोय म्हणतो, घरी काम आहे म्हणतो. त्या माणसाचं ऐकायचं नाही, त्याला खायला द्यायचं. भागवत भाकरी मोडता मोडता ऐके. सायकलवर तो शेवटचा बसला होता तो अकरावीत.

जानेवारीतला रविवार. शिरूर अनंतपाळला नागप्पाच्या हॉटेलबाहेर कडुनिंबाखाली टेबल लावलेलं होतं. समोर एसटीचा थांबा. टेबलावर नावांचा तक्ता, शिक्का, पेन, पाण्याचा जार, केळी आणि एक स्टीलचा डबा. डब्यात धपाटे होते. कंट्रोलवर चालतं, हे भागवतने अश्वजितला दोनदा विचारून घेतलं होतं. तक्त्याच्या डोक्यावर छापलेलं होतं: १४५ कि.मी., बंद होण्याची वेळ १५.४०.

“म्हंजे तीन चाळीसनंतर आला त्यो गेला?” नागप्पाने विचारलं. त्याचं आजोळ बिदरकडचं. तो चहा गाळताना कानडीत पुटपुटायचा आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलायचा.

“गेला.”

“आन् बक्षीस काय?”

“बक्षीस न्हाई. पदक मिळतंय, पण ते ज्याचं त्याला इकत घ्यावं लागतंय.”

नागप्पाने गाळणी हवेत धरली. “दोनशे किलोमीटर पाय मारायचं, वर पदकाचं पैसे बी आपलंच? अय्यो. आन् वहिनी यात हायेत?”

“हायेत.”

“आन् तुमी हितं सावलीत.”

“मला ड्युटी हाय,” भागवत म्हणाला.

पहिला सायकलवाला दुपारी साडेबाराच्या सुमाराला आला. मग दोघे, मग पाच जणांचा घोळका. भागवत प्रत्येकाला आधी पाणी देई, मग मनगट डोळ्यांजवळ नेऊन वेळ लिही, शिक्का मारी, सही करी. अश्वजितने वेळ मोबाइलवर बघा असं सांगितलं होतं. भागवत म्हणाला होता, घड्याळ हाय की. पोरं टेबलाशी उभी राहून फोटो काढत. कोणी उलट्या हेल्मेटात केळी भरून घेई. नांदेडचे एक दंतवैद्य, घंटेवार, खुर्चीत बसले आणि त्यांना उठवायला नागप्पाला बोलवावं लागलं.

एकवीस निघाले होते. तीनपर्यंत अठरा येऊन गेले. दोघांनी उदगीरला सोडल्याचा निरोप आला. उरली एक.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्याने केळी पुन्हा मोजली. वीसला डबा उन्हातून सावलीत सरकवला. नंतर तो उभाच राहिला.

“बसा की वो कंट्रोलरसाब,” नागप्पा म्हणाला. “उभं राहून सायकल लवकर येत न्हाई.”

रस्त्याच्या टोकाला ती दिसली तेव्हा भागवतने घड्याळ पाहिलं नाही. मुद्दामच नाही पाहिलं. ती डोकं खाली घालून येत होती, एका लयीत. दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. सायकल कडुनिंबाला टेकवत ती म्हणाली, “दोन पंचर. उदगीरच्या पुढं. बाभळीचा काटा टायरात तसाच राहिला, पहिल्यांदा कळलंच न्हाई,” आणि कार्ड पुढे केलं.

मग त्याने मनगट डोळ्यांजवळ नेलं.

तीन बेचाळीस.

त्याने पुन्हा पाहिलं. सेकंदकाटा फिरत होता. पेन हातात होतं. नागप्पा त्याच्या खांद्यावरून तक्त्याकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे बघत होता. प्रकार त्याच्या लक्षात आला.

“अडतीस लिवा की वो,” तो हळूच म्हणाला. “दोन-चार मिन्टानं कुणाची म्हैस मरतीय?”

भागवतला त्या क्षणी फाटा आठवला, डबा आठवला, आणि ‘घरच्याकडून खाल्लं’ म्हणणारा तिचा आवाज आठवला. जी बाई कोणी पाहिलेलं नसताना स्वतःहून बाद झाली, तिच्या कार्डावर तो खोटा आकडा कसा लिहिणार होता? त्याने लिहिलं: १५.४२. शिक्का मारला. सही केली. सही नेहमीसारखी आली नाही.

रेणुकाने कार्ड घेतलं. आकडा वाचला. मग त्याच्या मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

“बरं,” ती म्हणाली.

“दोन मिनिटं,” तो म्हणाला. “दोनच मिनिटं गं.”

“पाणी भरा.”

त्याने दोन्ही बाटल्या भरल्या. तिने डबा उघडला, एक धपाटा गुंडाळून तोंडात धरला, दोन पाठीमागच्या खिशात कोंबले.

“आता काय करतीस?”

तिने घास गिळला. “काय करायचं? घर लातूरला हाय. घरी चालले.”

आणि ती गेली. टेबलाशी ती तीन मिनिटंही थांबली नव्हती.

भागवत खुर्चीत बसला. नागप्पाने न मागता चहा ठेवला. टेबल तर उचलायचं होतं. शिक्का पेटीत गेला, केळी जारामागे राहिली. तक्त्यावर रेणुकाच्या नावापुढचा आकडा त्याने बोटाने झाकला, बोट काढलं, आकडा तोच होता. दुसऱ्या वेळी डब्याने घालवलं, या वेळी पेनाने.

तेवढ्यात समोर लातूरची गाडी येऊन थांबली. भागवतचा हात सवयीने वर गेला, डोळे घड्याळावर, आणि तोंडातून आपोआप निघालं, “पावणेचारची गाडी! पाच मिनिटं उशीर!”

कंडक्टर दारातच उभी होती. शिल्पा. औशाला असताना दोन वर्षं त्याच्या खिडकीपुढे रोज उभी राहिलेली. “अग्गो, सायेब तुमी? रिटायर झाले तरी सुट्टी देईनात की!”

“उशीर तो उशीर.”

“गाडी टायमावर हाय. ह्ये बघा.” तिने तिकिटाचं मशीन पुढे केलं. पडद्यावर १५:४५. “तुमचं ते घड्याळ पाच मिनिटं पुढं असतंय, ह्ये अख्ख्या आगाराला ठाऊक हाय. आमी तुमच्यापुढं पळायचो ते तुमचा मान म्हणून. घड्याळाला कोण भ्यायलंय?”

भागवत जागीच उभा राहिला.

घड्याळ त्याने स्वतःच पुढे केलं होतं, निलंग्याला, नियंत्रक झाल्याच्या पहिल्या महिन्यात. ड्रायव्हरांना दाखवायला. वहीत मात्र तो कधी मनगट बघून लिहीत नसे. मान मागे वळवायची, भिंतीवरचं घड्याळ बघायचं, आणि मग लिहायचं. तेवीस वर्षं मान आपोआप वळली. आज मागे भिंत नव्हती. कडुनिंब होता.

“सायेब, काय झालं? घाम का फुटलाय?”

“तीन सदतीस,” तो म्हणाला. “ती तीन सदतीसला आली व्हती.”

त्याने पेटी, जार, डबा गाडीत चढवलं. नागप्पाने टेबल आत ओढलं आणि ओरडला, “म्या म्हनलं व्हतं अडतीस लिवा! एका मिन्टानं चुकलो!”

सीटवर बसून त्याने आधी रेणुकाला फोन लावला. बंद. चालवताना ती फोन बंद करून पिशवीत तळाला ठेवते, हे त्याला ठाऊक होतं. मग अश्वजितला लावला. सांगताना दोनदा उलटसुलट झालं.

“काका, थांबा. घंटेवार डॉक्टरांनी तुमच्या टेबलावरचा फोटो ग्रुपवर टाकलाय. फोटोची वेळ दोन सतरा. तुम्ही काय लिहिलंय?”

भागवतने तक्ता मांडीवर उघडला. “दोन बावीस.”

“आणि तो कंधारचा पोरगा, लाल सायकल? फोटो एक चारचा.”

“एक नऊ.”

“म्हणजे सगळ्याच वेळा पाच मिनिटं पुढे. बाकीच्यांना फरक पडला नाही, काकूंनाच पडला. तुम्ही लेखी द्या, मी फोटो जोडतो. पण काका, त्या लातूरला साडेसातच्या आत पोचल्या पाहिजेत. वाटेत सोडलं, तर मग कागद कितीही लिहा, माझ्या हातात काही नाही.”

फोन ठेवल्यावर भागवतला हेच एक दिसत राहिलं. तिला वाटतंय आपण बाद झालो. दीडशे किलोमीटर झालेत. आतला माणूस आता तिच्याशी खोटं बोलत असेल, आणि या वेळी त्याच्या हातात नवऱ्याच्या सहीचा कागदही आहे.

पाच-सहा किलोमीटर गेल्यावर ती पुढे दिसली. उसाच्या फडाच्या कडेने, डांबराच्या अगदी काठावरून. भागवत उठून खिडकीशी गेला. काच सरकवली.

“गाडी थांबवू का?” शिल्पाने विचारलं. “वहिनीच हायेत न्हवं?”

“हितं थांबा न्हाई.”

“मग हाक तर मारा!”

तोंड उघडलं होतं. त्याने ते मिटलं. गाडी तिच्या बरोबरीला आली, तेवढ्यात त्याने जे पाहायचं ते पाहिलं. पाय फिरत होते. शिरूरला येताना ज्या लयीत फिरत होते त्याच लयीत. घाईने नाही, रेंगाळून नाही. डोळे पुढच्या चाकावर. एका गालात घास होता. ही सोडणारी बाई नव्हती. तिला घड्याळाची बातमी द्यायची गरज आपल्याला आहे, तिला नाही, एवढं त्याला कळलं. गाडी पुढे निघून गेली.

“का न्हाई मारली हाक?”

“हाक मारली की ती थांबती,” भागवत म्हणाला. “गेल्या साली मारली व्हती.”

शिल्पाने त्याचं तिकीट फाडलं आणि शेजारच्या बाईला सांगितलं, “आमचे सायेब. असेच हायेत.”

लातूरला शेवटचा कंट्रोल एका सायकल दुकानात होता. भागवत सव्वापाचला पोचला. अश्वजितने कागद दिला. त्याने खात्यात लिहायचा तसाच लिहिला: खुलासा सादर करण्यात येतो की, माझे मनगटी घड्याळ मी स्वतः जाणीवपूर्वक पाच मिनिटे पुढे ठेवलेले असून, सदर बाब कर्तव्यावर असताना माझ्या लक्षात राहिली नाही. खाली नाव, हुद्दा (सेवानिवृत्त), सही. मग तो दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

सहा वाजले. अंधार पडला. साडेसहा. सायकलवाले एकेक करून पोचले होते, दुकानात बसून पोहे खात होते, हसत होते. घंटेवारांनी बूट काढून पाय खोक्यावर ठेवले होते. सात. भागवत दर वेळी आत येऊन भिंतीवरचं घड्याळ बघे आणि बाहेर जाई. मनगटाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. सात दहा. चौकाकडून एक दिवा आला; दूधवाला निघाला. सात वीसला आणखी एक दिवा आला, बारका, पांढरा, हलत. तो दुकानासमोर थांबला.

उतरताना तिचा पाय दांडीवरून निघेना. भागवत पुढे झाला, मग हात मागे घेतला आणि अश्वजितकडे पाहिलं.

“घ्या काका, हा कंट्रोलच आहे,” अश्वजित म्हणाला. “धरा.”

त्याने धरलं. ती उतरली. अश्वजितने भिंतीकडे बघून वेळ मोठ्याने सांगितली, “एकोणीस एकवीस,” आणि कार्डावर लिहिली. आतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

“रेणुका,” भागवत म्हणाला, “चूक झाली. माझं घड्याळ…”

“पाच मिनिटं पुढं हाय,” ती म्हणाली. “पाणी द्या आधी.”

तो तसाच बघत राहिला. पाणी अश्वजितने दिलं.

“तुला ठाऊक व्हतं?”

“तेवीस वर्षं त्या घड्याळावर डबा भरलाय मी. मला ठाऊक नसंल तर कुणाला?”

“मग तिथंच का बोलली न्हाईस?”

“तिथं बोलले असते तर तुमी म्हणला असता, माझं घड्याळ चुकत न्हाई. मग नागप्पाचं घड्याळ, मग माझा फोन, मग स्टँडवर जाऊन इचारा. पंधरा मिनिटं भांडण चाललं असतं. आता नऊच मिनिटं राहिली व्हती, बघा की.” तिने खोक्यावर बसून हेल्मेट काढलं. केसांत वाळलेलं गवत होतं. “पुढं फोटोवरून निघंलच, असा इचार केला. न्हाई निघालं तर पुढच्या साली.”

भागवतने तिच्या हातातलं हेल्मेट घेतलं.

“आन् अडतीस लिवलं न्हाईत,” ती बूट सोडता सोडता म्हणाली. “त्यो नागप्पा कानात सांगत व्हता ते मला ऐकू आलं.”

अश्वजितने कार्ड पुढे सरकवलं. ‘१५.४२’ वर आडवी रेघ मारून शेजारी ‘१५.३७’ लिहिलं होतं. “काका, दुरुस्तीवर तुमची सही लागेल. आणि सही केली ती वेळ.”

भागवतने पेन घेतलं. सही केली, या वेळी नेहमीसारखी आली. मग सवयीने मनगट डोळ्यांजवळ नेलं.

रेणुकाचा हात मधे आला. साखळीच्या तेलाने काळा झालेला पंजा घड्याळावर पडला आणि तिथेच राहिला.

“मागं बघा,” ती म्हणाली. “भिंतीवर.”

त्याने मान वळवली, पाहिलं, आणि लिहिलं: १९.२८.